समज कुणाला मिळते?

सदाशिव पेठेत वाहतूक पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली की पुढच्या दोन-तीन मिनिटांत तीनपैकी एक गोष्ट घडते. मशिनमध्ये गाडीचा नंबर टाकून चलान निघते. नाहीतर ‘पुन्हा असं करू नका, जा’ म्हणून समज देऊन सोडले जाते. किंवा चौकाच्या कडेला हलक्या आवाजात काहीतरी ठरते. पहिल्या गोष्टीची नोंद राहते आणि तिसरीची मुद्दाम राहू दिली जात नाही. दुसरी गोष्ट तशी निर्दोष, कधी कधी तर अतिशय योग्य. पण तिचीही नोंद कुठेच राहत नाही. पुण्यात या विषयावर वाद होतो तो पोलीस कडक असावेत की मवाळ, असा. मला तो वाद अपुरा वाटतो. समज द्यायलाच हवी, पण ती कागदावर आली पाहिजे आणि ती सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे, असे माझे मत आहे. ते कशामुळे बनले, हे कायदा, न्यायालये, पुण्याचा अनुभव आणि बाहेरच्या देशांतली संशोधने यांच्या आधारे मांडतो.

आधी आमच्या पेठेतले रस्ते पाहू. बाजीराव रस्ता एकेरी, लक्ष्मी रस्ता एकेरी. आतल्या गल्ल्यांत पी-१ आणि पी-२ च्या पाट्या: विषम तारखेला गाडी एका बाजूला लावायची, सम तारखेला दुसऱ्या. ज्याचा जन्म इथे गेला त्याला हे अंगवळणी पडलेले असते. पण पेठेत आज राहणाऱ्यांत मोठी संख्या स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या मुलामुलींची आहे. अभ्यासिका, खाणावळी आणि कॉट बेसिसवरच्या खोल्या यांच्यापुढे उभ्या असलेल्या दुचाकींचे नंबर वाचले तर एमएच-१३ सोलापूर, एमएच-२३ बीड, एमएच-२४ लातूर, एमएच-२६ नांदेड असा अर्धा महाराष्ट्र सापडतो. पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या मुलाला पी-२ म्हणजे काय हे ठाऊक नसते. पूर्वी लकडी पुलावरही अनेक वर्षे दुचाकींना बंदी होती. डेक्कनकडून निघालेला नवखा माणूस पूल ओलांडून अलका चौकात उतरला, की समोर उभ्या पोलिसाच्या हाती अलगद सापडायचा. मागच्या गाडीवरचा पुणेकर मात्र आधीच दुसऱ्या पुलाने गेलेला असायचा. न कळून झालेली चूक आणि कळून केलेली चूक यांतला फरक इथे रस्त्यावर रोज दिसतो. समज या उपायाची खरी गरज याच फरकातून उभी राहते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चा, लागू झाला १ जुलै १९८९ पासून. त्यात पोलिसाने समज देऊन सोडावे असे कलम नाही. कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवायचे, कलम १३२ प्रमाणे थांबायला सांगितल्यावर थांबायचे. २०६ प्रमाणे कागदपत्रे आणि २०७ प्रमाणे गाडी ताब्यात घेता येते. कलम २०० प्रमाणे ठरावीक गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून प्रकरण जागेवर मिटवता येते. ते भरायचे नसेल तर प्रकरण न्यायालयात जाते. म्हणजे पुस्तकातल्या वाटा दोनच, शुल्क किंवा न्यायालय. समज ही तिसरी वाट कायद्याने बांधलेली नाही, ती वहिवाटीने पडली आहे. शाळेसमोर मुलाला सोडायला दोन मिनिटे थांबलेल्या आईला ‘ताई, गाडी पुढे घ्या’ म्हणणारा हवालदार कोणतेही कलम वापरत नसतो. तो शहाणपण वापरत असतो, आणि त्याशिवाय एकही चौक चालणार नाही. प्रत्येक चुकीला चलान करायचे ठरवले तर अलका चौकातल्या पोलिसाला सिग्नलकडे पाहायलाही वेळ मिळणार नाही.

न्यायालयाकडे मात्र समज देण्याचा अधिकार लेखी आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या किंवा नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात, आधी दोष सिद्ध न झालेल्या माणसाला न्यायालय योग्य ती समज देऊन सोडू शकते. त्यासाठी गुन्ह्याचे स्वरूप, माणसाची वागणूक आणि प्रकरणाची परिस्थिती पाहावी लागते. याला सीमाही आहे. दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव घेणाऱ्या चालकाला परिवीक्षेची सवलत सहजी देऊ नये. चालकांच्या मनात शिक्षेची भीती राहिलीच पाहिजे. ही दोन टोके एकत्र ठेवली की तत्त्व स्पष्ट होते. पहिली आणि किरकोळ चूक असेल तर समज, जिवावर बेतणारी चूक असेल तर नाही. कायद्याला हे तत्त्व मान्य आहे. पण वर्षातून एकदाही न्यायालयाची पायरी न चढणाऱ्या सामान्य वाहनचालकाच्या ते उपयोगाचे नाही, कारण त्याचा निकाल चौकातच लागतो.

मधला एक प्रयत्न फारसा कुणाला आठवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना निर्देश दिले. अतिवेग, लाल सिग्नल तोडणे, मद्यपान करून गाडी चालवणे, चालवताना मोबाइल वापरणे अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावे. आणि हेल्मेट किंवा सीटबेल्ट न वापरणाऱ्यांना किमान दोन तासांचे समुपदेशन द्यावे. त्या सुमारास मुंबईत हेल्मेट नसलेल्या चालकांना बसवून दोन-दोन तास ऐकवले जाऊ लागले. मला हा विचार अजूनही मोलाचा वाटतो. ज्याचा वेळ जातो त्याला चूक लक्षात राहते, आणि वेळ गरीब-श्रीमंत सगळ्यांचा सारखाच जातो. पण दोन तास बसवायला खोली लागते, बोलणारा माणूस लागतो, त्याला विषय यावा लागतो. एवढी व्यवस्था टिकवण्यापेक्षा दंड घेणे सोपे ठरले.

त्यानंतर दंडच वाढला. २०१९ ची दुरुस्ती १ सप्टेंबरपासून देशात लागू झाली. किरकोळ गुन्ह्यांच्या कलम १७७ चा दंड १०० वरून ५०० रुपये, विनापरवाना गाडी चालवण्याचा ५०० वरून ५,००० आणि मद्यपान करून चालवण्याचा पहिल्या वेळचा दंड २,००० वरून १०,००० झाला. महाराष्ट्रात तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचार करायला सांगितले. राज्यात नवे दर अमलात आले ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये. दंड वाढला म्हणजे समजेला जागा कमी उरली, असे वाटू शकते. प्रत्यक्षात उलटे होते. शंभर रुपयांची पावती फाडताना पोलिसाला फार विचार करावा लागत नसे. समोरच्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची दोन-तीन दिवसांची कमाई जाणार हे दिसत असेल, तर दयाळू पोलीस त्याला सोडून द्यायला बघतो आणि लोभी पोलीस त्याच्याशी घासाघीस करतो. दंडाची रक्कम आणि मिटवून टाकण्याची किंमत यांतले अंतर जितके मोठे, तितका चिरीमिरीला वाव जास्त. नोंद नसलेली समज आणि चिरीमिरी या दोन्ही लांबून पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत गाडी थांबते, बोलणे होते आणि गाडी निघून जाते. प्रामाणिक पोलिसावर यात फार मोठा अन्याय होतो. त्याने खरोखर माणुसकीने सोडले, हे त्याला कशानेही सिद्ध करता येत नाही.

कॅमेऱ्यांनी आणि ई-चलानने हा प्रश्न अर्धा सोडवला आणि अर्धा वाढवला. मशीन कुणाची ओळख विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण मशिनला शिकवताही येत नाही. झेब्रा पट्ट्यावर गाडी उभी केल्याचा मेसेज घरी पोहोचतो तेव्हा तो चौक, ती घाई, तो क्षण सगळे विसरलेले असते. मोबाइल नंबर आरटीओत बदललेला नसेल तर मेसेजही येत नाही, आणि एखाद्या दिवशी पोलिसाने अडवले की मागची सहा-सात चलाने एकदम पुढे येतात. पहिल्याच चुकीला कळले असते तर पुढच्या पाच झाल्या नसत्या, ही तक्रार मला रास्त वाटते. न भरलेल्या दंडाचे ढीग मग लोक अदालतीत जातात. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या थकीत दंडावर ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के. गुजरातेत २०२२ च्या दिवाळीत आठवडाभर दंडच करायचा नाही, फुले द्यायची, असे ठरले. या सवलतींना मी समज म्हणणार नाही. थकवणाऱ्याला सूट मिळाली की वेळेवर भरणारा वेडा ठरतो, आणि दिवाळीत तोडलेला सिग्नल एरवीइतकाच घातक असतो.

पुण्याचा स्वतःचा अनुभव याहून बोलका आहे. १ जानेवारी २०१९ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी हेल्मेटची कारवाई सुरू केली. तिसऱ्याच दिवशी हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीने मोर्चा काढला. सविनय कायदेभंगाची भाषा झाली, काही जण डोक्यावर पुणेरी पगडी घालून दुचाकीवर निघाले. जून २०१९ मध्ये शहरातले आमदार मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटले आणि शहराच्या हद्दीत हेल्मेटसाठी कारवाई करू नये, असे पोलिसांना सांगण्यात आले. सक्तीच्या विरोधकांचे काही मुद्दे ऐकण्यासारखे होते. गर्दीच्या पेठांत गाडीचा वेग कमी असतो, खड्डे बुजवायचे सोडून पावत्या कसल्या फाडता, हे प्रश्न खोटे नव्हते. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९ होती. चांगल्या हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते, असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे. हेल्मेटच्या बाबतीत पुण्याला दोन दशके समज दिली जात आहे. फुले देऊन झाली, फलक लावून झाले, रॅली झाल्या. ज्याला अजून कळले नाही असा पुणेकर उरलेला नाही. इथे आणखी समज देणे म्हणजे वेळ घालवणे आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

त्याच २०१९ मध्ये पुणे वाहतूक पोलिसांनी एक वेगळी गोष्ट करून पाहिली. आभार योजना असे तिचे नाव. पोलिसाने गाडी थांबवायची, कागदपत्रे तपासायची, मशिनवर थकीत दंड आहे का ते पाहायचे. सगळे नीट असेल तर चालकाचे आभार मानून त्याला दुकानांत, हॉटेलांत दहा टक्के सवलत मिळेल असे कूपन द्यायचे. कूपनाचे कौतुक झाले. माझ्या लेखी त्याहून महत्त्वाचे हे की त्या योजनेने एक गोष्ट सिद्ध केली: चौकात उभ्या पोलिसाला समोरच्याचा मागचा हिशोब अर्ध्या मिनिटात पाहता येतो आणि त्यावरून वेगवेगळी वागणूक ठरवता येते. ज्या नोंदीवरून बक्षीस देता येते, तिच्यावरून पहिली समजही देता येईल. तो धागा कुणी पुढे नेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. समज पोलिसाच्या मर्जीवर ठेवली तर ती मिळते कुणाला? अमेरिकेत पोलीस लेखी वॉर्निंग देतात, त्यामुळे तिथे हे मोजता आले. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नोंदींवर मकोव्स्की आणि स्ट्रॅटमन या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. गावच्या पोलिसांनी वेगाबद्दल अडवलेल्यांपैकी स्थानिक माणसाला वॉर्निंग मिळण्याची शक्यता जास्त होती, बाहेरगावच्याला दंड होण्याची. गावाची तिजोरी रिकामी असेल तर हा कल आणखी वाढत होता. बाहेरच्या माणसाचे मत त्या गावात नसते, एवढे साधे कारण त्यामागे आहे. फ्लोरिडात गोन्सालवेस आणि मेलो यांनी २०२१ मध्ये दाखवले, की मर्यादेपेक्षा दहा मैल जास्त वेगाला दंड एकदम वाढत असल्याने पोलीस अनेकांच्या पावतीवर नऊच मैल लिहितात. आणि ही मेहेरनजर गोऱ्या चालकांच्या वाट्याला जास्त, काळ्या आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या चालकांच्या वाट्याला कमी येते. सगळे पोलीस असे करत नव्हते, पण बऱ्याच जणांत हा कल होता.

आपल्याकडे समजेची नोंदच नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही. पण पेठेत राहणाऱ्याला काही गोष्टी डोळ्यांनी दिसतात. एकाला ‘अहो काका, हा वन वे आहे, वळवा गाडी’ असे सांगितले जाते. तीच चूक करणाऱ्या विशीतल्या मुलाला ‘ए, घे बाजूला, लायसन्स काढ’ असे ऐकावे लागते आणि त्याच्या गाडीची किल्लीही काढून घेतली जाते. किल्ली काढून घ्यावी असे मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. कुणी फोन लावून ‘साहेबांशी बोला’ म्हणतो, कुणाच्या काचेवर ‘पोलीस’ किंवा ‘प्रेस’ लिहिलेले असते. बीडहून आलेल्या मुलाकडे फोन लावायला कुणी नसते. खरे तर पी-२ ची पाटी न कळणे हे त्याचे कारण सर्वांत खरे असते. समज ज्याच्यासाठी असायला हवी त्यालाच ती दुर्मीळ, हे मला सर्वांत जास्त खुपते. कायद्याचे कलम २१० ब सांगते, की नियम अमलात आणण्याचा अधिकार असलेल्यानेच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड. संसदेला हा प्रश्न कळलेला होता, हे त्यावरून दिसते.

समजेचा उपयोग होतो का, यावर सगळ्यात भक्कम पुरावा ब्रिटनमधला आहे. तिथे थोडक्या फरकाने वेगमर्यादा ओलांडणाऱ्याला दंड आणि लायसन्सवर गुण यांऐवजी स्वतःच्या पैशाने काही तासांचा वर्ग करण्याची मुभा मिळते, तीही तीन वर्षांतून एकदाच. २०१८ मध्ये इप्सॉस मोरी संस्थेने चौदा लाख चालकांच्या नोंदी तपासल्या. वर्ग केलेल्यांनी पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा वेग मोडण्याचे प्रमाण दंड भरलेल्यांपेक्षा १२ ते २३ टक्क्यांनी कमी निघाले. अपघात कमी झाल्याचा ठोस पुरावा मात्र मिळाला नाही. तेही सांगितले पाहिजे. समज कशी द्यावी, यावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये प्रयोग झाला. मद्यतपासणीसाठी थांबवलेल्या चालकांशी पोलिसांनी ठरवून आदराने, कारण सांगून बोलल्यावर लोकांचा विश्वास वाढला. स्कॉटलंडमध्ये तोच प्रयोग केला तर उलट परिणाम झाला. वरून आलेला मजकूर पोलिसांनी पाठ म्हणून दाखवला तर लोकांना तो ओळखू येतो, असा माझा त्यावरचा अंदाज आहे. शिक्षेची तीव्रता नव्हे, तर ती होण्याची खात्री माणसाला आवरते, हे बेकारियाने १७६४ मध्ये लिहिले, आणि डॅनियल नॅगिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी अडीचशे वर्षांनंतरही तेच नोंदवले. नोंदवलेली समज ही खात्री वाढवते, कारण पुढच्या वेळी काय होणार हे त्या माणसाला नेमके कळलेले असते.

काही गुन्ह्यांत समजेचा विचारही करू नये. ३१ मे २०२५ च्या संध्याकाळी भावे हायस्कूलजवळच्या चहाच्या टपरीपाशी एका मोटारीने बारा जणांना धडक दिली. जखमींत परीक्षांची तयारी करणारी मुले होती आणि चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याच्या वर्षभर आधी, १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, आणि अल्पवयीन चालकाला पहिल्याच दिवशी मिळालेल्या जामिनात तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट होती. साऱ्या देशात संताप उसळला. समुपदेशन, निबंध, वाहतूक पोलिसांबरोबर काम, या गोष्टी योग्य जागी उपयोगी असतात; दोन प्रेतांच्या शेजारी त्या ठेवल्या की सौम्य उपायांवरचाच लोकांचा विश्वास उडतो. त्याची किंमत पी-२ न कळलेला मुलगा देतो. म्हणून मद्यपान, अल्पवयीन चालक, उलट्या दिशेने गाडी, लाल सिग्नल, चालवताना मोबाइल आणि हेल्मेट, ही माझी समजेबाहेरची यादी आहे. पार्किंगची बाजू चुकणे, नव्या एकेरी रस्त्यात पहिल्यांदा शिरणे, मागचा दिवा बंद असणे, नंबरप्लेट अस्पष्ट असणे, पीयूसी आठवड्यापूर्वी संपलेले असणे, ही आतली. दिवा किंवा नंबरप्लेट यांसाठी दुरुस्त करून दाखवायची मुदत द्यावी. ब्रिटनमध्ये ती चौदा दिवसांची असते.

मशिनवर चलानाशेजारी ‘समज’ असा एक पर्याय असावा. पोलिसाने तो निवडला की ठिकाण, कारण आणि पोलिसाचा बक्कल नंबर नोंदला जावा, चालकाला मराठीत मेसेज जावा, आणि वर्षभरात तीच चूक पुन्हा झाली तर मशिनने समजेचा पर्याय देऊच नये. कुठल्या चौकात, कोणत्या जिल्ह्याच्या गाड्यांना, कितींना समज आणि कितींना दंड, याचे आकडे दर तीन महिन्यांनी विश्रामबाग विभागाने जाहीर करावेत. अडचण कायद्याची आहे. कलम २०० राज्याला तडजोडीची रक्कम ठरवू देते, २०१९ पासून रकमेच्या जोडीला समाजसेवेची अटही घालू देते. पण कायद्यात ठरलेल्या किमान दंडाखाली राज्यांनी जाऊ नये, असे केंद्राने जानेवारी २०२० मध्ये कळवले आहे. महाराष्ट्रात हेल्मेटचे तडजोड शुल्क तरीही कायद्यातल्या १,००० ऐवजी ५०० रुपये राहिले, म्हणजे राज्याने आपला वाव थोडा वापरलेला आहे. नोंदवलेल्या समजेसाठी मात्र कायद्यात स्पष्ट शब्द हवेत, आणि ते मागण्याचे काम पुण्याच्या आमदार-खासदारांचे आहे. २०१९ मध्ये ते मुख्यमंत्र्यांकडे गेले ते कारवाई थांबवा म्हणून. या मागणीसाठी त्यांनी मुंबईला आणि दिल्लीला जावे.